अठराशे बेचाळीस चुका

मी मुखेडच्या एका टायपिंग क्लासमधला सात नंबरचा कॉम्प्युटर. आजवर दुसऱ्यांनी सांगितलेलंच माझ्या पडद्यावर उमटत आलं. महोदय, उपरोक्त विषयान्वये, आपला विश्वासू. आज पहिल्यांदा माझं मी सांगतोय. माझ्या पडद्यावर आलेल्या एका आकड्यानं एका बाईची नोकरी गेली, आणि तो आकडा खोटा होता. एवढंच सांगायचं आहे.

माझा जन्म नांदेडला, एका दुकानाच्या माडीवर. डबा एका कंपनीचा, पडदा दुसरीचा, कीबोर्ड तिसरीचा. आम्ही दहा जण एकाच दिवशी जोडले गेलो. सरकारनं टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आणली, तेव्हाची गोष्ट. आम्हाला न्यायला दोघं आले होते. क्लासचे मालक सिद्धलिंग सर, आणि त्यांच्याकडं शिकवणारी धम्मप्रिया. सर टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. ती मागं, आमच्या खोक्यांमध्ये. कंधारच्या पुढं रस्ता उखडलेला होता. तेवढा वेळ तिनं माझं खोकं मांडीवर धरलं होतं.

क्लास सुरू केला सरांच्या वडिलांनी, गुंडप्पांनी. त्या काळी बारा टाइपरायटर होते. दर रविवारी बापलेक मिळून ती मशिनं उघडायचे, ब्रश आणि रॉकेल घेऊन बसायचे. 'अ'च्या पोटात आणि 'ब'च्या गाठीत साचलेली शाई टाचणीनं कोरून काढायचे. साफ केलेलं मशीन सोमवारी खरंच हलकं चालायचं. सरांचं अर्धं आयुष्य या कामात गेलं. मशीन जड चालतंय म्हणजे आत घाण बसली आहे, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. मी आल्यावर त्यांनी माझा डबा एकदा उघडून पाहिला. आत शाई नव्हती, टाचणी घालण्यासारखं काही नव्हतं. झाकण लावून ते बाजूला झाले, आणि तेव्हापासून माझ्याकडं जरा अंतर ठेवूनच बघायला लागले.

मला ओळखायची ती धम्मप्रिया. तिचे वडील व्यंकटी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. ती याच क्लासात टाइपरायटरवर शिकली, मिनिटाला चाळीस शब्दांची मराठी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली, आणि सरांनी तिला शिकवायला ठेवून घेतलं. सकाळी सातच्या बॅचला ती आधी येऊन आमची कव्हरं काढायची. मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम तिनंच आमच्यात घातला. कीबोर्डकडं बघून टाइप करणाऱ्यांच्या हातांवर ती वर्तमानपत्राचा कागद पसरायची. कुणी कागद उचलून खाली बघितलं की ओरडायची नाही, नुसती शेजारी येऊन उभी राहायची.

माणसं माझ्यासमोर बसून काय काय करतात ते मी नऊ वर्षं पाहिलं. पोरी सुरुवात करण्याआधी कीबोर्डला हात लावून कपाळाला लावतात. पोरं चूक झाली की स्पेसबारवर राग काढतात. आणि वेग कमी भरला की बहुतेक सगळे एकच सांगतात, मॅडम, मशीन अडकत होतं.

पुढंपुढं मी खरंच अडकायला लागलो. सकाळी बटण दाबल्यापासून कामाला तयार व्हायला मला सात मिनिटं लागायची. कारण साधं होतं. माझी मेमरी थोडी, डिस्क जुनी, फिरून फिरून झिजलेली. त्यात सरांनी लग्नपत्रिकांची, कॅलेंडरची, पीडीएफची कसली कसली सॉफ्टवेअरं भरून ठेवलेली. चालू होताना ती सगळी एकदम उठून बसायची. धम्मप्रियानं नको ती काढून टाकायची परवानगी मागितली. सर म्हणाले, राहू दे, लागतात. तिनं डिस्क बदलायला सांगितलं, निदान सात नंबरची तरी. सर म्हणाले, बघू. असं तीनदा झालं.

मग विनोद आला. नांदेडहून प्रिंटर दुरुस्त करायला यायचा तो. मी चालू होईपर्यंत त्याचा चहा पिऊन झाला. त्यानं पेन ड्राइव्ह लावला, एक प्रोग्रॅम माझ्यात टाकला आणि फुकट तपासणीचं बटण दाबलं. पडद्यावर लाल पट्टी सरकायला लागली, शेजारी आकडा वाढायला लागला. चारशे. नऊशे. तेराशे. अठराशे बेचाळीसवर थांबला. खाली मोठ्या अक्षरांत आलं की तुमचा संगणक धोक्यात आहे.

सर खुर्चीतून उठून माझ्यापाशी आले. हे काय आहे म्हणून त्यांनी विचारलं.

"चुका हायेत सर, रजिस्ट्रीतल्या," विनोद म्हणाला. "नऊ वर्षांची घाण हाय ही. मशीन हळू न्हाई होणार तर काय."

घाण हा शब्द ऐकला आणि सरांचा चेहरा मोकळा झाला. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल त्यांना समजलेली ही पहिली गोष्ट होती. साफ कसं करायचं, एवढंच त्यांनी विचारलं. विनोदनं सांगितलं की तपासणी फुकट, सफाईला वर्षाचे दीड हजार. सरांनी तिथल्या तिथं फोनवरून पैसे पाठवले.

रजिस्ट्री म्हणजे काय ते मी सांगतो, कारण त्या खोलीत ते कुणी सांगितलं नाही. ती माझी नोंदवही. कुठला प्रोग्रॅम कुठं ठेवलाय, कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर उमटवायचं, असल्या लाखो नोंदी तिच्यात असतात. एखादा प्रोग्रॅम काढून टाकला की त्याच्या चार नोंदी मागं राहतात. राहिल्या तर राहिल्या. जाड रजिस्टरात दोन पानं कोरी राहिली म्हणून ते रजिस्टर उचलायला जड होत नाही, तसंच. विनोदचा प्रोग्रॅम त्या कोऱ्या पानांना चुका म्हणत होता. तेवढ्यासाठीच तो बनवला होता.

सफाई झाली. पट्टी हिरवी झाली. मला कसं वाटलं म्हणाल, तर काहीच वाटलं नाही. सरांनी मला बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. सगळे उभे होते. धम्मप्रियानं मोबाइलवर वेळ लावली. मी नेहमीसारखा उठलो.

"फरक हाय ना?" सरांनी विचारलं.

विनोद म्हणाला, लई फरक आहे. पोरांनी माना हलवल्या. धम्मप्रिया मोबाइलकडं बघत म्हणाली, "सर, मघाशी सात मिनिटं लागली होती. आता सात मिनिटं पाच सेकंद."

ती हे टोचून बोलली नव्हती. पोरांचा वेग सांगते तशीच सांगत होती. पण मागं कुणीतरी फिसकन हसलं. प्रिंटर चालू झाला का म्हणून सरांनी विनोदला विचारलं आणि विषय संपवला. मला मात्र तेव्हाच दिसलं की त्यांनी तो पाच सेकंदांचा हिशेब मनात ठेवला आहे.

पुढच्या शनिवारी प्रोग्रॅमनं आपण होऊन तपासणी केली. तीनशे बारा चुका. तो दर आठवड्याला काही ना काही दाखवतोच. नाही दाखवलं तर पुढच्या वर्षी दीड हजार कोण देईल? पण सर हबकले. आठ दिवसांपूर्वी लख्ख केलेल्या मशीनमध्ये इतकी घाण आली कुठून, हे कोडं त्यांनी त्यांच्या पद्धतीनं सोडवलं. मशीन कुणाच्या हातात असतं? सात नंबरवर कोण बसतं?

सात नंबरवर धम्मप्रिया बसायची. पोरांच्या पेपरांची नक्कल ती माझ्यावरच काढायची.

सरांनी एक वही आणली. दर शनिवारी बारा वाजता, सकाळच्या बॅचसमोर, आकडा मोठ्यानं वाचायचा. तारीख, आकडा, आणि पुढं धम्मप्रियाची सही. पहिल्या शनिवारी तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. सर म्हणाले, सही कर. तिनं केली. दुसऱ्या शनिवारी दोनशे सत्त्याण्णव. तिसऱ्या शनिवारी चारशे तीन.

चौथ्या शनिवारी त्यांनी दारातल्या बेसिनवर साबणाची नवी वडी ठेवली.

"मशीनला बसायच्या आधी हात धूत जा, मॅडम," ते हसत म्हणाले. "बघू घाण कमी होती का."

ती वडी बाकी कुणासाठी नव्हती. पोरं तेलकट बोटांनी यायची, कुरकुऱ्यांचा लाल मसाला माझ्या कळांमध्ये सांडायची, त्यांना कधी कुणी हात धुवायला सांगितलं नाही. वर्गातले काही जण हसले. काहींना त्यातला जुना अर्थ कळला आणि ते जास्त हसले. धम्मप्रिया बेसिनपाशी गेली. तिनं हात धुतले, रुमालानं कोरडे केले आणि येऊन माझ्यासमोर बसली. त्या दिवशी तिच्या बोटांना साबणाचा वास होता आणि पहिल्यांदाच तिच्या टायपिंगमध्ये दोन चुका झाल्या. सोमवारपासून ती त्या बेसिनकडं गेली नाही. सरांनीही पुन्हा सांगितलं नाही. एकदा सांगून काम झालं होतं.

परीक्षेला दहा दिवस उरले होते तेव्हा सरांनी स्वतः माझा ताबा घेतला. प्रोग्रॅममध्ये एक खोल सफाईचं बटण होतं. ते दाबण्याआधी प्रोग्रॅमनं विचारलं की जुन्या नोंदींची प्रत काढून ठेवू का. सरांनी नको म्हटलं. घाणीची प्रत कोण ठेवतं. हिरवी पट्टी आली, ते समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुश्री माझ्यासमोर बसली. ही सरांच्या ओळखीच्या घरातली, किराणा दुकानदार चंद्रप्पांची मुलगी. दोनदा नापास झालेली. धम्मप्रिया तिला बॅच संपल्यावर तासभर वेगळं बसवून शिकवायची. तिनं 'प्रति' टाइप केलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा भुगा पडला. सफाईत मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅमच्या नोंदी गेल्या होत्या. कुठली कळ म्हणजे कुठलं अक्षर, हे मला आठवतच नव्हतं.

सर आले. मंजुश्रीनं घाबरून पडदा दाखवला. सर धम्मप्रियाकडं वळले आणि म्हणाले की हे होणारच होतं, महिनाभर वहीत लिहून राहिलोय. काल बटण कुणी दाबलं ते त्यांना आठवत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

धम्मप्रिया दिवसभर माझ्यापाशी बसली. कपाटातून जुनी सीडी शोधली, प्रोग्रॅम पुन्हा घातला, एकेक कळ दाबून बघितली. दुपारचा डबा तिनं उघडला नाही. चारच्या सुमारास 'ज्ञ' बरोबर उमटला तेव्हा तिनं हात खाली ठेवले.

नेमका त्याच वेळी विनोद सरांसाठी नवा लॅपटॉप घेऊन आला. सीलबंद खोकं. संध्याकाळच्या बॅचसमोरच ते फोडलं. सर लॅपटॉपवर हात फिरवत होते, तेवढ्यात धम्मप्रिया उठून म्हणाली की सर, तो सफाईचा प्रोग्रॅम यात पण टाकून बघा.

विनोद गडबडला. नव्या मशीनला गरज नसते, म्हणाला.

"म्हणूनच टाका," ती म्हणाली. "याला अजून कुणाचाच हात लागलेला न्हाई."

पंधरा-वीस जण बघत होते. सर नाही म्हणू शकले नाहीत. लाल पट्टी सरकली आणि अर्ध्या तासापूर्वी खोक्यातून निघालेल्या लॅपटॉपमध्ये दोनशे अडुसष्ट चुका निघाल्या. तुमचा संगणक धोक्यात आहे.

कुणी हसलं नाही. विनोद म्हणाला, आजकाल कंपनीतूनच तसं येतंय. सरांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते त्या आकड्याकडं बघत होते. मी समोरच होतो, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना कळलं होतं. दीड हजार, वही, सह्या, साबण, सगळं एकदम कळलं होतं. त्या क्षणी ते एक शब्द बोलले असते तर पुढचं काही झालं नसतं.

त्यांनी लॅपटॉप मिटला. मग जादा सरावासाठी संध्याकाळीही आलेल्या मंजुश्रीला उभं केलं.

"तू सात नंबरवर बसतीस. खरं सांग. सफाई केल्यापासून मशीन फास्ट झालंय का न्हाई?"

मंजुश्रीला खरं माहीत होतं. पण तिसऱ्यांदा परीक्षा होती, हॉल तिकीट सरांच्या हातात होतं, आणि वडिलांची रोजची उठबस सरांकडं होती. ती धम्मप्रियाकडं न बघता म्हणाली, "झालंय, सर."

"बसा," सर म्हणाले. मग धम्मप्रियाला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

धम्मप्रियाचा आवाज चढला नाही. लातूरच्या एका शाळेत लिपिकाची जागा निघाली होती, तिथं अर्ज करायचा तिचा विचार होता. तिनं नऊ वर्षांच्या अनुभवाचा दाखला मागितला.

"देतो की," सर म्हणाले. "बस सात नंबरला. मी सांगतो, तू टाइप कर."

ती बसली. दुसरं कोण होतं? त्या खोलीत सांगितलेलं मराठी एका दमात, न अडखळता टाइप करू शकणारी ती एकटीच. पोरं आपापल्या मशीनवर हात ठेवून ऐकत होती. सर परीक्षेत श्रुतलेखन देतात तसं सावकाश सांगायला लागले. दाखला देण्यात येतो की, श्रीमती धम्मप्रिया व्यंकटी या संस्थेत नऊ वर्षे शिकविण्याचे काम करीत होत्या. तिची बोटं माझ्यावर चालायला लागली. त्यांच्या ताब्यातील संगणक क्रमांक सातमध्ये तपासणीअंती अठराशे बेचाळीस चुका आढळून आल्या.

इथं तिचा हात थांबला.

"आकडा अंकात लिहू का अक्षरात?"

"दोन्हीत लिही."

तिनं दोन्हीत लिहिला. त्यांच्या निष्काळजीपणामुळे संस्थेचे नुकसान झाले. सबब त्यांना कार्यमुक्त करण्यात येत आहेत. शेवटच्या शब्दात सरांची चूक झाली होती. तिनं ती दुरुस्त करून 'येत आहे' असं टाइप केलं. सगळ्या दाखल्यात तिची एकही चूक नव्हती. मी ते कागदावर उतरवलं. सरांनी सही केली, शिक्का मारला. तिनं कागद घडी न घालता तसाच फाइलमध्ये ठेवला, माझं कव्हर माझ्यावर घातलं, आणि गेली.

तो दाखला घेऊन तिला शाळेत जागा कोण देणार? आणि दाखला दाखवला नाही तर नऊ वर्षं कुठं होतात म्हणून विचारतात. ती लातूरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते, लोकांचे अर्ज टाइप करून देते. हे मंजुश्रीनं सांगितलं. मंजुश्री पास झाली, पेढे घेऊन आली होती. सरांनी पेढा खाल्ला आणि बरं हाय म्हणाले. मंजुश्री जाताना माझ्याजवळ थांबली. कव्हराचं टोक तिनं उचललं, परत सोडलं.

उन्हाळ्यात सरांनी नांदेडच्या दुसऱ्या माणसाला बोलावून माझी डिस्क बदलली, जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं आणि मेमरी वाढवली. सुट्टी होती, वर्गात कुणी नव्हतं. आता मी चाळीस सेकंदांत उठतो. नवीन पोरं विचारतात, हे जुनं मशीन इतकं फास्ट कसं. सर सांगतात, दर शनिवारी साफ करतो. वर्ष संपल्यावर त्यांनी प्रोग्रॅमचे दीड हजार पुन्हा भरले. नसते भरले तर पोरांनी विचारलं असतं, का बंद केलं म्हणून.

तुमच्या घरी, दुकानात माझ्यासारखं एखादं जुनं मशीन असेल. कधीतरी त्याच्यावरही लाल पट्टी येईल आणि एक आकडा येईल. घाबरू नका आणि पैसे भरू नका. नको असलेली सॉफ्टवेअरं काढा, धूळ पुसा, जमलं तर डिस्क बदला. नाहीच जमलं तर सात मिनिटं थांबा. त्या सात मिनिटांत चहा होतो. पण त्या आकड्यावरून कुणाला दोष देऊ नका, आणि दिलाच असेल, तर खोटं कळल्या दिवशी तोंड उघडून तसं सांगा. आमच्या सरांना ते एका वाक्याचं काम होतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी ठणठणीत आहे. कागदपत्रांच्या कप्प्यात तो दाखला अजून आहे. कुणी काढला नाही. दर शनिवारी बारा वाजता सफाईचा प्रोग्रॅम माझ्यात शिरतो, कोपरान् कोपरा बघतो, त्या दाखल्यावरून पुढं जातो. त्यात त्याला आजवर एकही चूक सापडलेली नाही.